कार्बन फरक-करार

कमी उत्सर्जनाच्या पण महागड्या उत्पादनपद्धतीकडे वळणाऱ्या कारखान्याला, टाळलेल्या दर टन कार्बन डाय-ऑक्साइडमागे ठरावीक किंमत मिळेल अशी शासनाने दिलेली दीर्घ मुदतीची हमी. करारातील किंमत व कार्बन परवान्यांचा (एक परवाना म्हणजे एक टन उत्सर्जनाचा विकत घेता-देता येणारा हक्क) बाजारभाव यांतील फरक शासन भरते. भाव करारापेक्षा वर गेला, तर द्विपक्षी करारात कारखाना तो फरक परत करतो. पोलाद, सिमेंट, काच, कागद व रसायने हे याचे मुख्य उद्योग.

उगमाबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. काहींच्या मते हा विजेच्या बाजारातील जुन्या व्यवहाराचा विस्तार होय. इंग्लंड व वेल्समध्ये १९९० साली विजेचा सामायिक बाजार सुरू झाल्यावर दरातील चढउतारापासून बचाव म्हणून निर्माते व वितरक आपसांत असे करार करीत. ब्रिटनच्या २०१३ च्या ऊर्जा कायद्याने तोच साचा स्वच्छ विजेच्या शासकीय पाठबळासाठी घेतला. दुसरे मत डीटर हेल्म व कॅमेरन हेपबर्न या अर्थतज्ज्ञांच्या २००५ च्या प्रस्तावापासून सुरुवात मानते. त्यात मात्र भर होता तो शासनाने भावी उत्सर्जन-कपात लिलावाने विकत घेण्यावर. लगेच पुढे इस्मर व नॉयहॉफ यांनी मांडलेली योजना परवान्यांच्या किमान भावाच्या हमीची होती. एकेका प्रकल्पाशी बांधलेला आजचा आकार २०१७ च्या सुमारास रिचश्टाइन यांच्या मांडणीत दिसतो. साचा विजेच्या बाजारातला आणि हेतू २००५ नंतरच्या चर्चेतला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हिशेब वरवर सोपा आहे. करारातील किंमत टनामागे १२० युरो, परवान्यांचा वर्षाचा सरासरी भाव ७० युरो आणि टाळलेले उत्सर्जन ४०,००० टन असेल, तर शासन २० लाख युरो देते. भाव १४० झाल्यास कारखाना ८ लाख परत करतो. खरी अडचण ‘टाळलेले टन’ मोजण्याची. तुलना कारखान्याच्या स्वतःच्या जुन्या भट्टीशी केली, तर सर्वांत मागास कारखान्याला सर्वाधिक पैसे जातात. म्हणून त्या उद्योगासाठी ठरवलेल्या प्रमाण उत्सर्जनाशी तुलना करणे बरे. मोफत मिळालेल्या परवान्यांचा लाभ वजा करायचा राहिला, तर एकाच टनाचे पैसे दोनदा दिले जातात. हायड्रोजनवर लोखंड तयार करणाऱ्याचा खर्च परवान्याच्या भावाइतकाच हायड्रोजनच्या दरावरही ठरतो. तो दर करारात जोडलेला नसेल, तर भट्टी उभी राहूनही पेटत नाही. करार लागू होण्याची तारीख लाभार्थ्याच्या हाती ठेवणेही महागात पडते : ब्रिटनमध्ये विजेचे दर भडकले तेव्हा काही पवनप्रकल्पांनी करार लांबवून चढ्या बाजारभावाने वीज विकली.

नेदरलँड्सची २०२० पासूनची योजना एकतर्फी आहे, तीत परतफेड नाही. जर्मनीने मार्च २०२४ मध्ये पहिला लिलाव केला : मुदत १५ वर्षे, तिसऱ्या वर्षापर्यंत ६० टक्के व अखेरीस ९० टक्के कपात. १५ प्रकल्प निवडले गेले.

लघुउद्योग या करारात सहसा बसत नाहीत. जर्मन लिलावात वर्षाला किमान १०,००० टन उत्सर्जनाची अट होती, मात्र अनेकांनी मिळून बोली लावण्यास मुभा होती. शिवाय युरोपीय परवाना बाजारात ज्वलन संयंत्रे २० मेगावॉटच्या वर असली तरच येतात. खालच्यांना या बाजारातला भावच लागत नाही, मग फरक कशाचा काढायचा? त्यांच्यासाठी साधी साधने वापरतात. भारतात २०२५ मध्ये सुरू झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या योजनेत सूक्ष्म व लघुउद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे. तारणाअभावी कर्जच न मिळणाऱ्याला व्याजसवलतीचा उपयोग नाही. नेदरलँड्समध्ये १९९७ पासून ठरावीक यादीतील यंत्रांवर करवजावट मिळते. तीत टन मोजावे लागत नाहीत, पण नफा नसेल तर लाभही नाही, आणि यंत्राची ऑर्डर दिल्यापासून तीन महिन्यांत नोंदणी न केल्यास वजावट हातची जाते.