जुनी गाडी भंगारात काढताय? टेम्पो बोलावण्याआधी आरसी बघा

पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली स्कूटर किंवा कार काढून टाकायची म्हटलं की भंगारवालाच आठवतो. तो येतो, किलोवर भाव करतो आणि गाडी टेम्पोत टाकून घेऊन जातो. गाडी जाते, पण आरटीओच्या दप्तरी ती तुमच्याच नावावर राहते. उद्या तिचा नंबर कुणी दुसऱ्या गाडीला लावला, तर चलान तुमच्या नावाने निघतं आणि विचारपूसही तुमचीच होते. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी कार्यालयाला कळवून आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) जमा करावी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. कायदा १९८८ चा आहे, आणि हे कलम पाळणारा माणूस क्वचितच भेटतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहन स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आणले, तेव्हापासून यासाठी सरळ मार्ग आहे. परिवहनच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर अर्ज करायचा, नोंदणीकृत केंद्र निवडायचं, गाडी द्यायची आणि प्रमाणपत्र घ्यायचं. गाडीची नोंदणी कुठल्याही आरटीओची असली तरी केंद्र कुठलंही चालतं. मोडीचा सरकारी भाव ठरलेला नाही, त्यामुळे दोन-तीन केंद्रांना विचारा आणि गाडी उचलून नेण्याचा खर्च कोण करणार तेही आधीच बोलून घ्या. अर्ज भरणं दहा मिनिटांचं काम आहे. लोक अडकतात ते त्याच्या आधी आणि नंतर.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. ‘१५ वर्षं झाली, आता गाडी भंगारात द्यावीच लागणार’ असे मेसेज दर काही महिन्यांनी फिरतात. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा होता. महाराष्ट्रात खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्यासाठीचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून कारचं हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि दुचाकीचं ३०० वरून १,००० रुपये; २० वर्षांहून जुन्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून ते याच्या दुप्पट आहे. गाडी चालती असेल तर हा हिशेब मांडून मगच ठरवा. निव्वळ घाबरून चांगली गाडी मोडीत देणारे पाहिले आहेत. उलट, नोंदणीची मुदत कधीच संपलेली असली तरी गाडी स्क्रॅपला देता येते, त्यासाठी आधी नूतनीकरण करायची गरज नाही.

आता खरी अडचण. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते कर्जाच्या बोज्यावर. हप्ते फिटून वीस वर्षं झालेली असतात, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. हप्ते संपल्यावर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, घेऊन आरटीओत बोजा उतरवायचा असतो, हे त्या वेळी कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात बँकच आता त्या नावाने उरलेली नसते. आरसीवर साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक असेल तर आयडीबीआयकडे जा, कारण ती २००६ मध्ये तिच्यात विलीन झाली. सांगली बँक असेल तर आयसीआयसीआय. देना किंवा विजया असेल तर बँक ऑफ बडोदा. शाखेतला तरुण कर्मचारी ‘हे खातं आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही’ म्हणतो आणि विषय संपल्यासारखा चेहरा करतो. तिथून हात हलवत परत येऊ नका. जुन्या कर्जाचा नंबर, शेवटच्या हप्त्याची पावती, पासबुकाची पानं, जे सापडेल ते जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एनओसी मिळाली की ती कपाटात ठेवू नका, लगेच आरटीओत द्या. शिळी एनओसी परत आणायला लावतात.

इथे आणखी एक गंमत होते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आहे आणि बोजा उतरवण्यासारख्या कामांनाही ती मागितली जाते. म्हणजे जी गाडी कापायलाच चालली आहे तिला आधी नवी कोरी प्लेट बसवायची! वाद घालून उपयोग नसतो. तुमच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारून घ्या, म्हणजे रांगेतून परत फिरावं लागणार नाही.

दुसरी अडचण वारसांची. गाडी वडिलांच्या किंवा यजमानांच्या नावावर, आणि ते आता हयात नाहीत. पोर्टलवरचा ओटीपी त्यांच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो. अशा वेळी मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. आधी गाडी नावावर करून घ्या असं कार्यालयाने सांगितलं, तर त्यासाठी फॉर्म ३१ असतो. नियमाने तो मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायचा असतो. ज्या घरात नुकताच माणूस गेला आहे तिथे स्कूटरचा फॉर्म कुणाला आठवणार? उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, उशिराचा अर्जही घेतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंना मुलाने परदेशातून पाठवलेल्या साध्या सहीच्या पत्रावर परत पाठवलं होतं. परदेशातल्या वारसाची संमती भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवा.

गाडी फार जुनी असेल, एमएच मालिकेच्या आधीच्या तीन अक्षरी नंबरची, आणि आरसी पुस्तकाच्या रूपात असेल, तर पोर्टल ‘नोंद सापडली नाही’ असं सांगेल. याचा अर्थ गाडी बेकायदा आहे असा नाही. तिची माहिती संगणकात चढवलेलीच नाही, इतकंच. मूळ आरसी पुस्तक घेऊन ज्या कार्यालयात नोंदणी झाली तिथेच बॅकलॉग एन्ट्रीचा अर्ज द्यावा लागतो. आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांत हरवल्याची नोंद, मग दुसरी प्रत.

नावातला फरक लहान वाटतो, पण अडवतो. आरसीवर आद्याक्षरं आणि आधारवर पूर्ण नाव, असं असेल तर केंद्राला आधीच दाखवा, प्रतिज्ञापत्रावर भागतं का ते कळेल. थकलेला कर आणि ई-चलानही आधी तपासा. पाच वर्षांपूर्वीच्या नो पार्किंगपायी अर्ज थांबतो.

आणि चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर. केंद्रात तो आरसीशी ताडून बघतात, गाडी चोरीची तर नाही हेही तपासतात. पावसाळे खाल्लेल्या गाडीवर गंजाखाली आकडे दिसतच नाहीत. रॉकेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश फिरवा, फडक्याने पुसा, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. आकडे कागदावर उठतात. तीन आणि आठ मध्ये शंका राहिली तर भिंगातून बघा. पॉलिश पेपर मात्र लावू नका. नंबर घासलेला दिसला की चोरीच्या गाडीचा संशय येतो आणि मग साधं प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

बाकी कागद नेहमीचे: मूळ आरसी, आधार, पॅन, पैसे जमा होण्यासाठी रद्द केलेला चेक, आणि दुसऱ्याला पाठवत असाल तर अधिकारपत्र.

गाडी दिल्यावर दोन वेगळी प्रमाणपत्रं असतात आणि घोळ इथेच होतो. गाडी ताब्यात घेतल्यावर मिळतं ते ठेव प्रमाणपत्र, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट. गाडी प्रत्यक्ष तोडल्यावर मिळतं ते स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र. अनेक जण वजनाची पावती आणि पैसे घेऊन खूश होऊन घरी येतात. ती पावती आरटीओत कुणी विचारत नाही. दोन्ही प्रमाणपत्रं हातात घ्या आणि काही दिवसांनी पोर्टलवर गाडीची नोंदणी रद्द दिसते का ते स्वतः बघा. चेसिस नंबरचा कापलेला तुकडा केंद्राने सहा महिने जपून ठेवायचा असतो, तेव्हा तक्रार असेल तर तेवढ्या काळात करा.

ठेव प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं आणि करात सवलत मिळते. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत असं लिहिलं आहे. त्यातला ‘पर्यंत’ लोक वाचत नाहीत. ती कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष टक्के राज्य सरकार ठरवतं. शोरूमवाल्याने तोंडी आकडा सांगितला तर तो कोटेशनवर लिहून घ्या. नवी गाडी घ्यायची नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं, पण त्याला मुदत असते आणि एकदा वापरलं की ते संपतं.

विमा चालू असेल तर कंपनीला कळवा आणि नो क्लेम बोनसचं (दावा न केल्याबद्दलच्या सवलतीचं) पत्र मागून घ्या, ते पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालतं. कार असेल तर काचेवरचा फास्टॅग गाडी नेण्याआधी बंद करा, त्यातली शिल्लक बँकेकडून परत मिळते.