फझ पेडलमधील दोषशोध

घरी जोडलेले गिटारचे इफेक्ट पेडल मुके निघाले किंवा भलतेच वाजू लागले, तर बिघाड नेमका कुठल्या भागात वा जोडात आहे हे शोधण्याची रीत. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत (‘फझ’) करणारे ‘फझ फेस’ हे पेडल याचे सोयीचे उदाहरण. लंडनच्या आर्बिटर कंपनीने ते १९६६ मध्ये बाजारात आणले आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्समुळे ते गाजले. त्याच्या सर्किटमध्ये भाग अवघे अकरा : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (फिरवून बदलता येणारे रेझिस्टर). मात्र ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांपैकी (कलेक्टर, बेस, एमिटर) पहिल्याचा कलेक्टर थेट दुसऱ्याच्या बेसला जोडलेला असतो आणि दुसऱ्याच्या एमिटरकडून १०० किलोओहमचा रेझिस्टर पुन्हा पहिल्याच्या बेसवर येतो. त्यामुळे एका ठिकाणी चूक झाली की सगळीकडचे व्होल्टेज ढळतात आणि चांगला भागही खराब वाटू लागतो.

पेडल वाजेना की नवशिका आधी ट्रान्झिस्टर उपटतो. ते टाळावे. नवा विकत घेतलेला भाग सहसा चांगलाच असतो. तो उलटा बसलेला असतो, चुकीच्या व्हॅल्यूचा असतो, नाहीतर त्याचा डाग (सोल्डरचा जोड) कच्चा असतो. बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे ट्रान्झिस्टर दिसायला सारखे, पण सपाट बाजू समोर धरली तर एकात डावीकडे कलेक्टर येतो, दुसऱ्यात एमिटर. कपॅसिटरवरचा १०३ म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड आणि १०४ म्हणजे ०.१, दोघांची अदलाबदल झाली की आवाजातला खर्ज गळतो किंवा नको तितका वाढतो. निळ्या मेटल फिल्म रेझिस्टरवरचे तांबडे आणि नारिंगी पट्टे पिवळ्या दिव्याखाली ओळखूच येत नाहीत. म्हणून प्रत्येक रेझिस्टर बसवण्याआधीच मल्टिमीटरने मोजावा. बोर्डावर बसल्यानंतर मोजला तर शेजारच्या भागांतून जाणाऱ्या वाटांमुळे आकडा कमी दिसू शकतो.

शोधाची सुरुवात बायपासपासून, म्हणजे इफेक्ट बंद ठेवून आवाज सरळ पुढे जातो त्या स्थितीपासून होते. बायपासमध्ये गिटार ऐकू येते आणि इफेक्ट चालू केल्यावर बंद पडते, तर केबल आणि जॅक बहुधा ठीक असतात; मग संशय बोर्ड, वीजपुरवठा किंवा फुटस्विचच्या नऊ टोकांवर. बॅटरीवर चालणाऱ्या पेडलमध्ये इनपुटचा जॅक स्टिरिओ असतो आणि प्लग आत गेल्याशिवाय बॅटरीचे सर्किट पूर्ण होत नाही. रिकाम्या जॅकनिशी मीटर लावून ‘व्होल्टेजच येत नाही’ म्हणत तासभर डोके खाजवणारे कमी नाहीत.

यानंतरचे हत्यार म्हणजे ऑडिओ प्रोब : अँप्लिफायरकडे जाणारी केबल, तिच्या मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि केबलची जाळी सर्किटच्या ग्राउंडला. कपॅसिटर डीसी (बॅटरीचा स्थिर प्रवाह) अडवतो, फक्त आवाज पुढे जाऊ देतो. इनपुटला मोबाइलवरचे गाणे हळू आवाजात लावायचे आणि कपॅसिटरचे मोकळे टोक इनपुटपासून एकेका जोडावर टेकवत पुढे सरकायचे. गाणे जिथे नाहीसे होते, त्याच्या आगेमागे दोष असतो. बरेचदा तिथे मळकट, दाणेदार डाग सापडतो, किंवा झिरो पीसीबीच्या (छिद्रांच्या तयार बोर्डाच्या) दोन पट्ट्यांना जोडणारा सोल्डरचा केसाएवढा धागा. लाकडी काडीने भाग हलकेच ढोसल्यावर आवाज येत-जात असेल, तर भाग न बदलता डाग नव्याने द्यावा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असली, तर दोष नेहमी पॉटचाच नसतो. आउटपुटचा कपॅसिटर गळका असला की पॉटवर डीसी पोहोचतो आणि तसाच आवाज येतो.

भागावरच संशय घेणे रास्त ठरते ते जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या बाबतीत. मूळ फझ फेसमध्ये एनकेटी २७५ असत. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंतला एसी १२८ हाही याच कामी येतो. जर्मेनियममधून बेस मोकळा असतानाही करंट गळतो आणि मल्टिमीटरचे गेन (करंट किती पट वाढतो ते) मोजणारे एचएफई खाते ही गळती गेनमध्येच मिळवून फुगीर आकडा दाखवते. खरा गेन असा काढतात : ९ व्होल्टची बॅटरी घेऊन पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर धन टोकाला आणि कलेक्टर २.४७ किलोओहममधून (२.२ किलोओहम आणि २७० ओहम एकामागे एक) ऋण टोकाला जोडायचा. बेस मोकळा ठेवून या रेझिस्टरवरचे व्होल्टेज वाचायचे, समजा ०.२५ आले. मग बेस २.२ मेगओहममधून ऋण टोकाला जोडायचा, १.०५ आले. फरक ०.८०; त्याला शंभराने गुणले की गेन साधारण ८०. ट्रान्झिस्टर चिमटीत धरून हे मोजू नये; बोटांच्या उबेनेही आकडा चढतो.

अशा पीएनपी पेडलमध्ये बॅटरीचे धन टोक ग्राउंडला असते, म्हणून जोडणी पुरी झाल्यावर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ग्राउंडच्या मानाने उणे ४.५ व्होल्टच्या आसपास मिळावेत. आकडा उणे ९ कडे सरकला, तर तो ट्रान्झिस्टर जवळजवळ बंद आहे आणि सूर अडखळत, तुटत निघतो. पहिल्याची गळती उन्हाळ्यात वाढली तरी हेच घडते. त्यासाठी ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरऐवजी प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) बसवून व्होल्टेज जुळवून घेतात. मेच्या दुपारी जुळवलेला प्रीसेट रात्री थंड केलेल्या सभागृहात पुन्हा फिरवावा लागतो. तेव्हा डबा न उघडता स्क्रूड्रायव्हर पोहोचेल असे भोक पाडून ठेवलेले बरे.