वॉक-ऑन : मोजणीबाहेरचे खेळाडू

२० मार्च २०१५. अमेरिकेतल्या कोलंबस शहरात मेरीलँड आणि व्हॅल्परायझो या विद्यापीठांचा, एनसीएए या कॉलेजांतल्या खेळांच्या संघटनेच्या स्पर्धेतला बास्केटबॉल सामना शेवटच्या काही सेकंदांवर आला होता. मेरीलँड तीन गुणांनी पुढे, पण चेंडू व्हॅल्परायझोकडे. लांबून एक बास्केट पडला असता तर बरोबरी झाली असती. अशा घडीला मेरीलँडचे प्रशिक्षक मार्क टर्जन यांनी बाकावरून उठवलं ते वरुण राम या भारतीय वंशाच्या खेळाडूला. उंची ५ फूट ९ इंच. समोरच्या चेंडूवाल्या खेळाडूला तो असा चिकटला की चेंडू निसटला, फेक झालीच नाही आणि मेरीलँडने ६५-६२ असा सामना जिंकला. वरुण या संघात आला होता तो ‘वॉक-ऑन’ म्हणून.

वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्ती न घेता विद्यापीठाच्या संघात आलेला खेळाडू. काहींना प्रशिक्षक आधीच बोलावून ठेवतात, तर काही जण खुल्या चाचणीतून येतात. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात ‘कच्चं लिंबू’ असतं. ते खेळतं, पण धरलं जात नाही. नियमाच्या भाषेत वॉक-ऑनची स्थिती तशीच होती. शिष्यवृत्तीच्या मोजणीत तो नसायचा. फरक एवढाच की कच्च्या लिंबाला सूट मिळते, वॉक-ऑनला कसलीच मिळत नाही. पहाटेचा व्यायाम तोच आणि सराव तितकाच. वर पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकून सरावात त्या आपल्याच मुख्य खेळाडूंविरुद्ध खेळून दाखवायच्या. शिक्षणाचा खर्च मात्र घरचा, नाहीतर कर्जाचा.

ही जमात निर्माण झाली ती नियमांतून. बास्केटबॉल जन्मला १८९१ साली आणि पुढची कित्येक दशकं कॉलेजातला खेळाडू म्हणजे आधी विद्यार्थी, मग चाचणी देऊन संघात आलेला मुलगा. पडद्याआडून पैसे दिले जात, पण कागदोपत्री सगळे सारखेच. १९५६मध्ये एनसीएएने केवळ खेळाच्या बळावर शिक्षण, निवास आणि जेवणाचा खर्च देण्याची मुभा दिली आणि संघात दोन पंगती पडल्या. प्रिन्स्टनसारख्या जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या ‘आयव्ही लीग’ या गटाने ही वाट धरली नाही. म्हणून १९६५मध्ये प्रिन्स्टनला अंतिम चार संघांत नेणारा बिल ब्रॅडली हा त्या काळातला मोठा खेळाडूही खेळाच्या शिष्यवृत्तीविनाच खेळला.

पुढे शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर मर्यादा आली. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये हा आकडा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला १५ वरून १३ वर आला. तेरा जणांत दोघे-तिघे जखमी झाले, एखादा परीक्षेत अडकला, की पाचाविरुद्ध पाच असा सराव करणंही जड जातं. ती पोकळी वॉक-ऑननी भरली. प्रेक्षक त्यांच्यावर दया म्हणून प्रेम करतात असं बोललं जातं, ते मला पटत नाही. त्यांच्यावाचून संघाचा रोजचा गाडा चालत नव्हता, आणि मैदानाजवळच्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं.

नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांना तर नक्कीच. घरच्या मैदानावरच्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात शेवटच्या वर्षाचे सगळे खेळाडू सुरुवातीला उतरवायचे, वर्षभर बाकावर बसलेलेही, अशी प्रथा त्यांनी पाळली. एका वर्षी असे सहा जण होते. कुणा एकाला वगळण्यापेक्षा स्मिथनी पाचांच्या जागी सहाही जण उभे केले आणि त्याबद्दलचा टेक्निकल फाउल, म्हणजे नियमभंगाची शिक्षा, पत्करला. बास्केटबॉलच्या इतिहासात इतका सुंदर फाउल मला दुसरा ठाऊक नाही. याच विद्यापीठाने, १९७२मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगी मिळाल्यावरही, आपला कनिष्ठ संघ मोडला नाही. शिष्यवृत्ती नसलेल्या मुलांसाठी ती एक पायरी राहिली.

काहींचा प्रवास फार लांब गेला. जेफ हॉर्नासेक शिकागोजवळच्या शाळेतून बाहेर पडला तेव्हा शिष्यवृत्तीचं एकही बोलावणं नव्हतं. कागदी पेल्यांच्या कारखान्यात त्याने काम केलं आणि मग तो आयोवा स्टेटला वॉक-ऑन म्हणून गेला. एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात, त्या १९८६च्या निवडीत त्याचा क्रमांक ४६वा होता, १९९२मध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला. आर्कान्सामधल्या हॅम्बर्ग गावचा स्कॉटी पिपेन हा बारा भावंडांतला धाकटा. सेंट्रल आर्कान्सा या तेव्हा एनसीएएबाहेर असलेल्या छोट्या विद्यापीठात त्याने आधी संघाच्या मॅनेजरचं काम केलं. तिथेच त्याची उंची वाढली, खेळ बहरला आणि १९८७च्या निवडीत तो पाचवा आला. १९९७ आणि १९९८च्या एनबीए अंतिम मालिकांत युटाकडून हॉर्नासेक आणि शिकागोकडून पिपेन समोरासमोर होते. सगळं जग शिकागोच्या मायकेल जॉर्डनकडे पाहत होतं, आणि त्याच मैदानावर शिष्यवृत्तीविना सुरुवात केलेले दोघे खेळत होते.

पण चाहत्यांचे लाडके बहुतेकदा एनबीएपर्यंत न पोहोचलेलेच असतात. केंटकी विद्यापीठाच्या १९९६च्या विजेत्या संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चाली रचणारा खेळाडू, अँथनी एप्स वॉक-ऑन म्हणून आला होता. कॅमरन मिल्सही तसाच. त्याचे वडील केंटकीकडून खेळलेले, त्यामुळे ही जर्सी त्याच्या घरातलीच. १९९८मध्ये ड्यूकविरुद्ध केंटकी १७ गुणांनी मागे होतं. तिथून चढत आलेल्या संघाला अखेरच्या मिनिटांत आघाडी मिळाली ती मिल्सच्या तीन गुणांच्या बास्केटवर. केंटकीने तो सामना जिंकला आणि पुढे विजेतेपदही.

मग ओहायो स्टेटचा मार्क टायटस आला. बाकावरच्या आयुष्याला त्याने स्वतःचा आवाज दिला. एक मिनिट खेळला आणि बाकी सगळ्या रकान्यांत शून्य, अशी नोंद गुणतक्त्यात एकावर बारा शून्यं असल्यासारखी दिसते. म्हणजे ट्रिलियन, आपले एक लाख कोटी. ‘क्लब ट्रिलियन’ नावाने तो लिहू लागला आणि सामन्याच्या शेवटच्या मिनिटात उतरणारा खेळाडू देशभर ओळखीचा झाला.

आता हीच जागा आकसते आहे. खेळाडूंना विद्यापीठांनी थेट पैसे देण्याचा मार्ग खुला करणारी ‘हाउस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघाच्या आकाराची मर्यादा आली. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये १५. पूर्वी तेराच्या पलीकडे हवे तितके वॉक-ऑन ठेवता येत. आता पंधराव्या नावानंतर दार बंद. मंजुरीआधीच अनेक खेळांतल्या संघांनी मुलं कमी करायला सुरुवात केली होती. विल्कन यांनी त्यावर बोट ठेवून तडजोड एप्रिलमध्ये अडवून धरली. तेव्हा मार्ग निघाला तो असा, की या मर्यादेपायी ज्यांची जागा गेली त्यांना विद्यापीठाने परत घेतलं, तर शिल्लक वर्षं त्यांना खेळता येईल, आणि पंधरांत ते धरले जाणार नाहीत.