सागुतीत आलू आला कुठून?

पाव-अर्धा किलो मटण आणि खाणारी सात तोंडं, असा हिशेब असला की मराठवाड्यात सागुतीच्या, म्हणजे मटणाच्या रश्श्याच्या, भगुन्यात आलू पडतोच. पुण्या-मुंबईकडं त्याला बटाटा म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांचा. आपल्याकडं आलू. संस्कृतात 'आलु' हे नाव खाण्याजोग्या कंदाला होतं, म्हणजे शब्द जुना आणि वस्तू नवी. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बाजारात दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली, चालायची, आणि आलू हाच शब्द इथं रुळला.

'पिढ्यान्‌पिढ्यांची पारंपरिक आलू-सागुती' असं कुणी म्हणालं की मला जरा हसू येतं. हा कंद दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला. रात्री गारवा नसला तर तो जमिनीत नीट पोसत नाही. आपल्या काळ्या रानाला ज्वारी, तूर, करडई मानवते; आलू बहुतेक बाहेरगावच्या पोत्यातूनच आला. 1949 साली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था निघाली, 1967 ला कुफरी सिंदुरी आणि 1968 ला कुफरी ज्योती हे वाण आले. जोडीला शीतगृहं वाढली, तसा आलू बारमाही झाला आणि गरिबालाही परवडू लागला. रश्श्याची लाल मिरचीसुद्धा त्याच अमेरिका खंडाची, पण तिला आता कुणी परकी म्हणत नाही.

मग आलूच्या आधी काय होतं? थोडं मटण सगळ्यांना पुरवायची युक्ती होती, आणि खरी परंपरा तीच. येसर घ्या. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ असं धान्य भाजून, मसाल्यासोबत दळून ठेवायचं. रस्सा उकळताना त्यातलं मूठभर पाण्यात कालवून सोडलं की पातळ पाण्याला अंग येतं. दाळचाही त्याच कुळातला: डाळ, दुधी भोपळा आणि हाडाचे चार तुकडे, त्यात अख्खी पंगत उठते. कंदुरीच्या, म्हणजे पीर-दर्ग्याच्या नवसाच्या, जेवणातही बोकड एक आणि माणसं मोजता येत नाहीत, तिथं तुकड्यापेक्षा रस्साच जास्त वाढला जातो. ('कंदुरी' मूळ फारसी शब्द. जेवायला अंथरायच्या कापडाला तो म्हणत.)

बोकड मात्र इथलाच. उस्मानाबादी जात बहुतेक काळीभोर असते, कोरडवाहू रानातल्या काट्याकुट्यांवर जगते आणि जुळी पिल्लं देते. गावात मुलाण्यानं बोकड कापला की त्याचे वाटे पडायचे. प्रत्येक वाट्यात थोडं मांस, थोडं हाड, काळजाचा एखादा तुकडा. पळसाच्या पानात बांधलेला वाटा घरी यायचा, आणि घरच्या हिशेबाला तिथून सुरुवात.

1972 च्या दुष्काळात हा हिशेब फारच कडक झाला. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर सुकडी हा कोरडा खाऊ मिळायचा, रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, असं माय सांगते. सागुती तेव्हा सणासुदीपुरतीच उरली.

मायची रीत अजून तीच आहे. मटण आधी हळद-मीठ लावून शिजवायचं. त्यातलं वाटीभर आळणी, म्हणजे बिनतिखटाचं पाणी, लेकरांसाठी बाजूला काढायचं. मग कांदा-खोबरं भाजून वाटलेलं वाटण आणि काळं तिखट तेलात परतायचं, त्यात मटण, आणि मटण अर्धंअधिक शिजल्यावर आलू. सालीसकट, एकाचे चारच तुकडे, कारण बारीक चिरला तर त्याचा लगदा होतो. चिंच किंवा टमाटे मात्र आलू मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं तर आलू कितीही उकळा, आत करकरीत राहतो. यात मायची अंधश्रद्धा काही नाही. आंबटात भाज्यांचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. शेवटी एक आलू पळीनं कडेला दाबून रश्श्यात मोडायचा. येसर संपलं असेल तर तेच काम तो करतो.

वाढताना ती तुकडे मोजायची. बाप्पाला, म्हणजे वडलांना, तीन, आम्हा पोरांना दोन-दोन, तिच्या स्वतःच्या ताटात रस्सा आणि आलू. 'मला आलूच गोड लागतो,' म्हणायची. आम्हाला ते खरं वाटायचं.

भगुन्याच्या तळाशी एखादी फोड राहिलीच, तर रातभर रश्श्यात मुरून सकाळी ती आतपर्यंत काळपट लाल झालेली असायची. शिळ्या भाकरीसोबत तिच्यासाठी आमची जी भांडणं व्हायची, तशी मटणाच्या तुकड्यासाठीही कधी झाली नाहीत.