बेघर महिलांचा निवारा : रचना आणि परिसर

बेघर महिलांना आसरा देणारी इमारत आणि तिच्याकडे येणारी वाट यांचा एकत्र विचार करून आराखडा करण्याची पद्धत. बॉस्टनमध्ये किप टिअर्नन यांनी १९७४ साली सुरू केलेले ‘रोझीज प्लेस’ हे अमेरिकेतील केवळ बेघर महिलांसाठीचे पहिले निवारागृह मानले जाते.

पुरुषांच्या निवाऱ्याचा नकाशा घेऊन नुसती पाटी बदलली, तर तो निवारा चालत नाही. बाईला धोका असतो तो मुख्यतः तिला जिथे थांबावे लागते तिथे: फाटकाबाहेर, बसथांब्यावर, शौचालयाच्या दारात. आराखड्याची सुरुवात या जागा शोधण्यापासून व्हावी.

प्रवेशाची रांग पदपथावर लागली की पाळतीवर असलेला नवरा किंवा दलाल तिथेच गाठतो. त्यामुळे फाटकाच्या आत छप्पर असलेले अंगण, बाके, पाणी आणि एक शौचालय हवे. त्यापुढे दोन दारे व मध्ये छोटी खोली. पहिले दार लागल्यावरच दुसरे उघडावे. मात्र घुसखोरीच्या भीतीने मागच्या दाराला साखळी घालणे जिवावर बेतते. आग लागल्यास बाहेर पडायचे दार आतून किल्लीशिवाय उघडलेच पाहिजे.

राहण्यासाठी माणशी किमान ३.५ चौ. मी. (स्वयंपाक, अंघोळ व शौचालयाची जागा सोडून) हे आपत्कालीन मदतीचे ‘स्फिअर’ मानक आहे. महिनोन्‌महिने राहणाऱ्या बाईला ते अपुरे पडते. खाटांमध्ये सुमारे १.२ मी. उंचीचा आडोसा असला, की झोपलेली बाई शेजारच्या खाटेवरून दिसत नाही आणि उठून उभी राहिली की तिला दार दिसते. दाराकडे पाठ करून अनेकींना झोपच लागत नाही. खाटा लोखंडी असाव्यात. लाकडाच्या सांध्यांत ढेकूण घर करतात.

लॉकर लहान ठेवणे ही नेहमीची चूक. पूर्ण पिशवी मावत नसेल तर सामान खाटेखाली जाते, वाट अडते, चोरीच्या संशयावरून भांडणे होतात. फोन चार्ज करायचा सॉकेट लॉकरच्या आतच द्यावा.

वीस जणांमागे एक शौचालय हे स्फिअरचे प्रमाण इथे तोकडे आहे, कारण सकाळी सगळ्याजणींची एकदमच घाई असते. आठ-दहा जणींमागे एक धरावे. दार बाहेर उघडावे: आत चक्कर येऊन पडलेली बाई आत उघडणारे दार अडवून ठेवते. कडी आतून लागणारी, पण गरज पडल्यास कर्मचाऱ्याला बाहेरून नाणे फिरवून उघडता येणारी हवी. प्रत्येक शौचालयात हुक, फळी आणि पॅडसाठी झाकणाचा डबा असावा.

परिसराची पाहणी दिवसा केली तर फसते. थांब्यापासून फाटकापर्यंतची वाट संध्याकाळी आणि रात्री दहानंतर, तिथे राहणाऱ्या महिलांना सोबत घेऊन चालावी. एकच उंच, प्रखर दिवा डोळे दिपवतो आणि त्याच्या पलीकडचा अंधार गडद करतो. कमी उंचीचे, जवळजवळ लावलेले दिवे समोरच्याचा चेहरा दाखवतात. झुडपे ६० सें.मी.पेक्षा उंच वाढू देऊ नयेत, झाडांच्या २ मी.च्या खालच्या फांद्या छाटाव्यात. रस्त्याकडे सलग कोरी भिंत ठेवण्याऐवजी स्वयंपाकघर किंवा कार्यालयाच्या खिडक्या काढाव्यात, म्हणजे वाटेवर कोणाचे तरी लक्ष राहते. बंद पडलेला दिवा कोणी आणि किती तासांत बदलायचा, हे निवारा उघडण्याआधी लेखी ठरवून घ्यावे.