पेटीतल्या बर्फाविषयी थोडं
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कॉकटेलसारख्या पेयांत घालायचा काचेसारखा पारदर्शक बर्फ आम्ही विकतो. फोनवर आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "अहो, पाणीच ना ते? मग एवढे पैसे कशाचे?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर फोनवर मावत नाही. म्हणून हे पत्रक पेटीत ठेवलं आहे. पाहुणे यायच्या आधी वाचून घ्या.

कॉकटेलमध्ये पाणी पहिल्यापासून आहे

१८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राला वाचकाने विचारलं, कॉकटेल म्हणजे नेमकं काय? संपादकांनी उत्तर छापलं: कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंब-थेंब घालायचा कडू अर्क). यात बर्फ कुठेच नाही, पाणी मात्र आहे. नुसतं कडक मद्य जिभेला झोंबतं आणि त्यापुढे त्याचा वास, चव काही कळत नाही. थोडं पाणी पडलं की झोंबणं कमी होतं, साखर आणि कडूपणा एकत्र येतात. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत हजारो कॉकटेलं आली-गेली, पण मिश्र पेयाचं गणित तेच राहिलं. फक्त पाणी घालायचं काम बर्फाने उचललं.

हा बर्फ स्वस्तात मिळू लागण्यात बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा हात मोठा. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापायचा, भुशात बांधायचा आणि जहाजाने गरम मुलखात विकायचा, हा त्याचा धंदा. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' हे जहाज चारेक महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला लागलं, तेव्हा निम्म्याहून जास्त माल शाबूत होता! पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फ उतरू लागला. मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा त्या काळचा सांगतात. तिकडे अमेरिकेतल्या बारमध्ये बर्फ इतका रुळला की १८६२ साली जेरी थॉमस या बारटेंडरने आपल्या कृती छापल्या, तेव्हा किसलेला बर्फ घ्यायचा की खडे, हेही लिहून टाकलं.

गार करायचं तर वितळू द्यायलाच हवं

फ्रीझरमधला बर्फ साधारण उणे १८ अंशांवर असतो. तिथून शून्यावर येताना एक ग्रॅम बर्फ जेमतेम ९ कॅलरी उष्णता ओढतो. तोच ग्रॅम वितळताना मात्र ८० कॅलरी ओढतो. म्हणजे पेय गार होतं ते मुख्यतः बर्फ वितळतो म्हणून. ३० अंशांवरचं ९० मिलि पेय शून्यावर आणायला तीसेक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हावंच लागतं. व्हिस्कीत टाकायचे दगडी आणि स्टीलचे ठोकळे विकत मिळतात, ते वितळत नाहीत आणि म्हणूनच फारसं गारही करत नाहीत. भेट म्हणून आले असतील तर शोकेसमध्ये शोभतात.

तेव्हा पाणी नको असं नाही. ते किती पडावं आणि कधी थांबावं, एवढंच आपल्या हातात हवं. इथे आकार कामाला येतो. पेटीतला मोठा ठोकळा ५ सेंटिमीटरचा आहे, त्याच्या सहा बाजू मिळून १५० चौरस सेंटिमीटर. त्याच बर्फाचे अडीच सेंटिमीटरचे आठ तुकडे केले तर पृष्ठभाग होतो ३००. माल तेवढाच, पण पेयाला भिडणारी जागा दुप्पट, त्यामुळे वितळणंही भराभर. ओल्ड फॅशन्ड किंवा निग्रोनीसारखं सावकाश प्यायचं पेय मोठ्या ठोकळ्यावर शेवटपर्यंत नीट राहतं. लहान तुकड्यांवर तेच पेय ग्लासाच्या तळाशी जाईतो पाणचट होतं.

उलट शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवून मिसळायच्या झाकणाच्या भांड्यात, आमचा मोठा ठोकळा घालू नका. तिथे झटपट गारवा हवा असतो. घरच्या ट्रेमधला बर्फ भरपूर घाला आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवा. लिंबाचा रस असलेलं पेय हलवायचं, नुसत्या मद्यांचं पेय अर्धा मिनिट चमच्याने ढवळायचं. बादलीत बर्फाखाली साचलेलं पाणी मात्र आधी ओतून टाका. मोजून घातलेल्या पेयात ते बिनहिशेबी शिरतं आणि मग दोष लिंबाला जातो.

आणि उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची गोव्याची दारू? गोव्याकडून कोणी बाटली आणली असेल, तर लिम्का, मीठ, चिरलेली हिरवी मिरची, लिंबाची फोड आणि साधा बर्फ ग्लास भरून. त्यात आमचा ठोकळा टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

काचेसारखा का दिसतो

ट्रेमधलं पाणी चहूबाजूंनी गोठतं. त्यात विरघळलेली हवा आणि क्षार आत-आत ढकलले जातात आणि मधोमध पांढरा ढग अडकतो. आम्ही पाणी एकाच बाजूने, सावकाश गोठवतो आणि शेवटचा गढूळ थर कापून टाकतो. मेहनत आणि वीज इथेच जाते. पारदर्शक बर्फ जास्त गार असतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बुडबुडे नसल्याने तो सहजी फुटत नाही, सुबक कापता येतो आणि दिसतो देखणा. इतकंच.

घरी करून बघायचा असेल तर पिकनिकची लहान इन्सुलेटेड पेटी घ्या. पाणी भरा, झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी वरून खाली गोठत जातं. तळाशी थोडं पाणी शिल्लक असतानाच, साधारण दिवसाभराने, बाहेर काढा आणि वरचा स्वच्छ भाग दातेरी सुरीने कापा. हे सांगून आमचं गिऱ्हाईक तुटेल असं अजून झालेलं नाही. एकदा केलं की पुढच्या वेळी लोक फोनच करतात.

वापरण्याआधी

ठोकळा फ्रीझरमधून काढून थेट ग्लासात टाकलात तर 'टच्च' असा आवाज येतो आणि आरपार तडा जातो. पाच-दहा मिनिटं ताटलीत ठेवा. वरची पांढरी बाष्पाची साय जाऊन अंग ओलसर, चकचकीत दिसू लागलं की तो तयार.

फ्रीझरमध्ये पिशवीचं तोंड घट्ट बांधा. बर्फ वास धरतो. शेजारी सुके बोंबील किंवा लसणीचं वाटण असेल तर ते पहिल्याच घोटात कळेल.

निळसर बर्फ दिसला तर तो ग्लासात घालू नका, मग तो कितीही स्वस्त असो. मासळी, औषधं वगैरे गार ठेवायच्या अखाद्य बर्फात ओळखीसाठी निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. आमचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे.

आम्ही मद्य विकत नाही, पोचवतही नाही. घरी न पिणारी मंडळी असतातच. त्यांच्यासाठी उंच ग्लासात कोकम सरबत, सोडा, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट आणि पेटीतली लांब कांडी. आगळ वापरलंत तर त्यात मीठ असतं, वरून घालू नका.

शनिवारच्या कार्यक्रमाची ऑर्डर गुरुवारपर्यंत द्या, बर्फ घाईत गोठत नाही. माणशी दोन ठोकळे धरा, मे महिन्यात तीन. रिकामी पेटी धुऊन, कोरडी करून ठेवा. पुढच्या खेपेला आमचा मुलगा घेऊन जाईल आणि अनामत परत देईल.