वीज वाटेत संपत नाही

सेलमधून निघालेली वीज दिव्यात शिरते आणि तिथेच संपते, असं बहुतेक मुलांना वाटतं. मग दिव्यापासून सेलकडे परत जाणारी दुसरी वायर कशासाठी लागते? हा प्रश्न घेऊनच सर्किट जोडायला बसा.

सामान थोडंच आहे: दीड व्होल्टचे तीन एए सेल, तिन्ही एकापुढे एक बसतील असा होल्डर, एक लाल एलईडी (वीज एकाच दिशेने वाहू देणारा छोटा दिवा), 220 ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला अडवून मर्यादेत ठेवणारा भाग; या अडवण्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात) आणि क्रोकोडाइल क्लिपच्या, म्हणजे टोकांना दातेरी चिमटे असलेल्या, तीन वायरी. रेझिस्टरवर लाल, लाल, तपकिरी आणि शेवटी सोनेरी असे पट्टे दिसले की तो 220 ओहमचा समजा. नऊ व्होल्टची बॅटरी सुरुवातीला नको. साधा एलईडी उलट दिशेने सहसा 5 व्होल्टपर्यंतच सहन करतो. आपले सेल देतात 4.5 व्होल्ट, त्यामुळे तो चुकून उलटा जोडला गेला तरी नुसता विझलेला राहील.

एलईडीचा लांब पाय धन टोकाकडचा. सेलच्या धन टोकापासून रेझिस्टर, तिथून लांब पाय, आखूड पायापासून परत ऋण टोक, असं वर्तुळ पूर्ण करा. लाल एलईडी पेटताना स्वतःवर सुमारे 2 व्होल्ट घेतो. उरलेले 2.5 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह म्हणजे व्होल्ट भागिले ओहम: 2.5 भागिले 220, म्हणजे साधारण 0.011 अँपिअर किंवा 11 मिलीअँपिअर प्रवाह. अशा एलईडीची नेहमीची मर्यादा 20 मिलीअँपिअर असते. रेझिस्टर काढून टाकला तर प्रवाह या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो आणि एलईडी तापून जळतो.

पेटलाच नाही तर आधी एलईडी उलटा करून पाहा. मग एखादा सेल उलटा बसलाय का, आणि क्लिप वायरच्या प्लास्टिकवर चावून बसली आहे का, ते बघा. तांब्याची वार्निश केलेली तार वापरली असेल, तर तिची टोकं खरवडायलाच हवीत, कारण ते वार्निश वीज वाहू देत नाही.

आता खरी गंमत. रेझिस्टर काढून एलईडीच्या दुसऱ्या बाजूला, आखूड पाय आणि ऋण टोक यांच्यामध्ये लावा. ‘वीज आधी एलईडीत पोचणार, मग तो जळणार’ असं वाटेल, पण उजेड तेवढाच राहतो! मल्टिमीटर (प्रवाह, व्होल्टेज मोजणारा मीटर) असेल तर सर्किट तोडून तो मध्ये जोडा: एलईडीच्या आधी 11 मिलीअँपिअर, नंतरही 11. सायकलची साखळी जशी सगळीकडे एकाच वेगाने सरकते, पॅडलचा जोर चाकाला देते आणि स्वतः मात्र खर्च होत नाही, तसंच हे. खर्च होते ती सेलमधली रासायनिक ऊर्जा. एलईडीत तिचा उजेड आणि उष्णता होते, रेझिस्टरमध्ये नुसती उष्णता.

मीटरच्या बाबतीत एक चूक फार होते. बटण प्रवाह मोजायच्या खुणेवर ठेवलेला मीटर थेट सेलच्या दोन टोकांना लावला जातो. त्या खुणेवर मीटरचा स्वतःचा रोध अगदी कमी असतो, म्हणून हे शॉर्टसर्किटच ठरतं आणि आतला फ्यूज उडतो. सेलची टोकं नुसत्या वायरने जोडली तरी तेच: प्रवाह काही अँपिअरवर जातो, वायर आणि सेल दोन्ही चटका बसण्याइतके तापतात. भिंतीवरच्या सॉकेटची वीज या प्रयोगांत कधीच घ्यायची नाही. ती जीव घेऊ शकते.

दुसरा लाल एलईडी पहिल्याच्या पुढे, एकसर जोडलात तर दोघांना मिळून 4 व्होल्ट लागतात. रेझिस्टरसाठी उरतो अर्धा व्होल्ट, प्रवाह उतरतो 2 मिलीअँपिअरच्या आसपास आणि दोन्ही मंद दिसतात. समांतर, म्हणजे दोन वेगळ्या फांद्यांत, जोडताना मात्र प्रत्येकाला स्वतःचा 220 ओहमचा रेझिस्टर द्या. दोन एलईडी कधीच तंतोतंत सारखे नसतात. दोघांना मिळून एकच रेझिस्टर ठेवला, तर ज्याला किंचित कमी व्होल्टेज लागतं तो जास्त प्रवाह ओढतो. वेगळे रेझिस्टर असले की दोन्ही फांद्यांत 11-11 मिलीअँपिअर वाहतात. फांद्या फुटण्याआधीच्या वायरमध्ये मीटर 22 च्या आसपास दाखवतो, आणि त्या पुन्हा एकत्र आल्यावर सेलकडे परतणाऱ्या वायरमध्येही तेवढेच.